१४० कोटी ही संख्या झाली, भांडवल नव्हे
'१४० कोटी लोक हेच आपलं भांडवल' हे म्हणणं अर्धंच पटतं. जागतिक बँकेच्या २०२० च्या मानवी भांडवल निर्देशांकात भारत ०.४९ वर होता. म्हणजे पूर्ण शिक्षण आणि धडधाकट प्रकृती मिळून मूल मोठेपणी जेवढं उत्पादक झालं असतं, त्याच्या निम्म्याहून किंचित कमीच. गळती कुठे होते बघा: मूल सरासरी ११.१ वर्षं शाळेत जातं, पण चाचणीतल्या सरासरी ३९९ गुणांना ६२५ ने (म्हणजे प्रगत पातळीच्या गुणांनी) भागून त्याने ही वर्षं गुणली की शिकणं उरतं ७.१ वर्षांचं. चार वर्षं नुसती बाकावर गेली!

शाळेआधीची गळती, म्हणजे कुपोषणाने खुंटलेली वाढ, उंचीत दिसते, आणि ती बरीचशी पहिल्या हजार दिवसांत (गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंत) ठरते. म्हणून मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या अंगणवाडीतलं मोजमाप मला फार मोलाचं वाटतं. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून, गुडघे हलके दाबून, तळवे फळीला टेकवून मोजायचं. उभं मोजलं तर साधारण ०.७ सेंमी कमी भरतं. तेवढे मिळवले नाहीत तर काठावरचं मूल उगाच खुजं ठरतं. मोठ्या मुलाच्या पायात चप्पल राहिली की उलट होतं, खरंच खुरटलेलं मूल यादीतून सुटतं. हे जास्त वाईट.