ड्रग कोर्ट: तुरुंगाऐवजी उपचार म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: अमेरिकेतल्या ड्रग कोर्टात (व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवणारं न्यायालय) लघवीची तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की थेट तुरुंगात टाकतात का?

उत्तर १: सहसा नाही. १९८९ साली मायामीत पहिलं असं कोर्ट सुरू झालं. उपचारांचा कार्यक्रम साधारण १२ ते १८ महिने चालतो. सुरुवातीला न्यायाधीशांसमोर वारंवार हजेरी, तपासणी कधीही. पहिल्यांदा घसरलात तर बहुधा उपचार वाढवतात. खोटं बोलणं मात्र महागात पडतं.

उत्तर २: तपासणीला भरमसाट पाणी पिऊन जाऊ नका. क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर पडणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना पातळ ठरतो, म्हणजे ड्रग लपवल्याचा संशय येतो.

उत्तर ३: कार्यक्रमात सामील होण्याच्या सहीआधी वकिलांना विचारा, गुन्हा आधीच कबूल करावा लागतोय का? तसं असेल आणि कार्यक्रम अर्धवट सुटला, तर खटला न चालता शिक्षाच. आणि मेथाडोन (हेरॉइनसारख्या व्यसनांवरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांशिवाय कुणाच्या सांगण्यावरून ते सोडू नका, जिवावर बेतू शकतं.