रचलेल्या सरपणाचं घनफूट कसं धरायचं?

शेतातली बाभूळ तोडून सोलापुरात आणलीय, ढीग 8 फूट लांब, 4 रुंद, 4 उंच, म्हणजे 128 घनफूट ना? वखारवाले एवढं धरत नाहीत, का?

– अहो मधे पोकळी असती की! भरीव लाकूड साधारण 60-70 टक्केच, म्हणजे 80-85 घनफूट धरा, वेडीवाकडी बाभूळ असली तर अजून कमी.

– सरळ ओंडके असतील तर ते सरपणात घालूच नका प्लीज. मध्यावर घेर मोजा इंचात, त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले 144. घेर 48, लांबी 10 फूट असली तर 10 घनफूट. खरं लाकूड 12.7 भरतं पण कापताना भुसा नि कडेचे तुकडे वाया जातात, म्हणून हा हिशोब कमी धरतो.

– आणि सरपण वजनावर घेणारा असला तर ओलं-सुकं आधी ठरवा.