मदत हवी आहे : ओपनजीएलमध्ये जमीन आणि डावीकडचे घर दिसत नाही

निळाकोन :
सी प्लस प्लस, ओपनजीएल (त्रिमितीय चित्रे काढण्याची ग्राफिक्स प्रणाली) आणि ग्लट (त्यासाठी खिडकी उघडून देणारी लायब्ररी) वापरून मी एक साधे त्रिमितीय दृश्य तयार करत आहे. त्यात जमिनीचा एक चौकोन आहे आणि त्यावर दोन घरे आहेत. उजवीकडचे घर व्यवस्थित दिसते, मात्र जमीन आणि डावीकडचे घर गायब आहे. प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होतो, कोणतीही एरर येत नाही आणि सर्व शिरोबिंदूंचे आकडे मी पुन्हा तपासले आहेत. परवा सबमिशन असल्याने नेमके काय बदलायचे तेवढेच कृपया सांगावे.

सह्यकडा :
ग्लूपर्स्पेक्टिव्हला (कॅमेऱ्याला कुठून कुठपर्यंत दिसावे ते ठरवणारे फंक्शन) जवळच्या प्रतलाचे, म्हणजे दृश्य जिथून सुरू होते त्या सीमेचे, अंतर ० दिले आहे का, ते आधी पाहा. तसे दिल्यास सगळ्या बिंदूंची खोली एकसारखीच निघते आणि डेप्थ टेस्ट (जवळचे आधी दिसावे म्हणून खोलीची तुलना) चालू असेल तर पडद्यावर काहीच उमटत नाही. मी शिकवतो त्या वर्गात ही चूक दर वर्षी होते.

दगडीवाट :
तसे असते तर उजवे घरही दिसले नसते. निळाकोन, कोडशिवाय आम्ही केवळ अंदाज बांधत राहू. प्रत्येक फ्रेमला रंगाबरोबर डेप्थ बफरही (खोली साठवणारी जागा) साफ करता का, आणि सगळे शेवटचे नीट दिसले त्यानंतर कोणता बदल केला, हे लिहा.

निळाकोन :
जवळचे अंतर ०.१ आहे आणि दोन्ही बफर साफ करतो. प्रोग्रॅम वेगाने चालावा म्हणून काल जीएल_कल_फेस (कलिंग, म्हणजे आकारांची एक बाजू, सहसा मागची, न रंगवण्याची सोय) चालू केले, पण उजवे घर दिसत असल्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नसावा.

शेडरवाला :
मुळात जीएलबिगिन आणि जीएलएंड (शिरोबिंदू एकेक करून देण्याची जुनी पद्धत) वापरणेच थांबवा. २००९ साली आलेल्या ओपनजीएलच्या ३.१ आवृत्तीने ही पद्धत मुख्य गाभ्यातून काढून टाकली आहे. शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) आणि व्हर्टेक्स बफर (शिरोबिंदूंचा एकत्र साठा) घेऊन नव्याने लिहिलेत, तर असे प्रश्न उद्भवणारच नाहीत.

दगडीवाट :
शेडरवाला, शेडर वापरले तरी कलिंगचा नियम तोच राहतो, आणि परवा सबमिशन असलेल्या माणसाला नवी सुरुवात करायला सांगणे योग्य नाही.
निळाकोन, संबंध नेमका तिथेच आहे. कॅमेऱ्यातून पाहताना ज्या बहुभुजाचे शिरोबिंदू घड्याळाच्या काट्यांच्या उलट क्रमाने येतात, ती त्याची पुढची बाजू, असे ओपनजीएल गृहीत धरते आणि कलिंग चालू असताना मागची बाजू रंगवतच नाही. ही एरर नसल्यामुळे जीएलगेटएरर कितीही वेळा विचारले तरी शून्यच मिळेल. खात्रीसाठी कोणती बाजू गाळायची ते ठरवणाऱ्या जीएलकलफेसला जीएल_फ्रंट (पुढची बाजू) द्या. जमीन उगवली आणि उजव्या घराच्या समोरच्या भिंती नाहीशा झाल्या, तर निदान पक्के. जमिनीचे चार बिंदू आणि डावे घर काढणाऱ्या ओळी मात्र इथे द्याव्या लागतील.

निळाकोन :
जमीन खरोखरच उगवली. तिचे बिंदू क्रमाने (-५, ०, -५), (५, ०, -५), (५, ०, ५), (-५, ०, ५) असे आहेत. डाव्या घरासाठी वेगळे बिंदू नाहीत. घराचे तेच फंक्शन जीएलस्केलएफ(-१, १, १) (तिन्ही अक्षांवर या आकड्यांनी गुणणे) नंतर पुन्हा बोलावतो. नीट पाहिल्यावर कळते की ते घर पूर्ण गायब नाही, त्याची समोरची भिंत नाही आणि मागच्या भिंतीची आतली बाजू दिसते.

सह्यकडा :
जीएल_कल_फेस बंद करा. एका ओळीत काम होईल.

दगडीवाट :
सबमिशनपुरते होईलही, पण दोष तिथेच राहील आणि पुढे बंदिस्त आकारांचे मोठे मॉडेल आणल्यावर कलिंग लागेलच.
जमिनीच्या पहिल्या दोन कडांचा सदिश गुणाकार (पुढची बाजू कोणत्या दिशेला आहे ते सांगणारा) केला, तर उत्तर (०, -१००, ०) येते, म्हणजे तिची पुढची बाजू खाली पाताळाकडे आहे. दुसरा आणि चौथा बिंदू अदलाबदल करा म्हणजे ती वर होईल. डाव्या घराचे कारण वेगळे आहे. एका अक्षावर उणे एकने गुणले की आकाराचे आरशातले प्रतिबिंब तयार होते आणि प्रतिबिंबात शिरोबिंदूंचा फेरा उलटतो. त्यामुळे ते घर काढण्यापूर्वी जीएलफ्रंटफेस(जीएल_सीडब्ल्यू) (काट्यांच्या दिशेचा क्रम म्हणजे पुढची बाजू) आणि काढून झाल्यावर जीएलफ्रंटफेस(जीएल_सीसीडब्ल्यू) (पुन्हा उलट क्रम) लिहा. ही दुसरी ओळ विसरू नका, कारण जीएलपॉपमॅट्रिक्स फक्त मॅट्रिक्स पूर्ववत करते, पुढची बाजू ठरवणारी ही सेटिंग पूर्ववत करत नाही.

निळाकोन :
कलफेस पुन्हा जीएल_बॅक (मागची बाजू) केले, दोन्ही बदल केले आणि सगळे दृश्य दिसू लागले. मनापासून आभार. आता कॅमेरा जमिनीच्या खाली नेला की जमीन दिसत नाही. हाही दोष आहे का?

दगडीवाट :
नाही, खालून पाहताना तुम्हाला तिची मागची बाजू दिसायला हवी आणि तीच गाळली जात आहे. खालूनही दाखवायची असेल, तर फक्त जमीन काढताना कलिंग बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करा.