मदत हवी आहे: आयनायझर लावला की मुलाचा खोकला वाढतो

सायली_वाकड:
शेजारच्या बांधकामाची धूळ दिवसभर घरात येते म्हणून आयनायझर (हवा शुद्ध करण्यासाठी हवेत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सोडणारे यंत्र) आणला. रात्री तो लावला की मुलाला कोरडा खोकला सुरू होतो आणि खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास भरतो. विक्रेता म्हणतो की हा ताज्या हवेचा वास आहे. आज रात्री तो लावावा की नाही, एवढेच कृपया लवकर सांगा.

दीपस्तंभ:
मुलाचे वय किती, त्याला दमा आहे का आणि यंत्रात फिल्टर आहे की नुसता आयनायझर, हे कळवाल का? तोपर्यंत यंत्र बंदच ठेवा. हवेत आयन सोडण्यासाठी सुईच्या टोकाशी उच्च दाबाची वीज दिली जाते, त्या वेळी थोड्या ऑक्सिजनचा ओझोन हा वायू होतो; तुम्ही सांगता तो वास बहुधा त्याचाच आहे आणि ओझोन श्वासनलिकेला झोंबतो.

सह्यवासी:
उगाच घाबरवू नका. आमच्याकडे कित्येक वर्षे आयनायझर आहे, कोणाला काही झालेले नाही. धबधब्याजवळ प्रसन्न वाटते तेही ऋण आयनांमुळेच. खोकला धुळीचा असणार.

दीपस्तंभ:
धबधब्यात पाण्याचे थेंब फुटून आयन होतात, तिथे विजेची ठिणगी नसते आणि म्हणून ओझोनही होत नाही. ही तुलना इथे लागू पडत नाही. शिवाय आयनायझर धूळ नाहीशी करत नाही. भारित झालेले कण भिंतींवर, पडद्यांवर बसतात. सायली, तुमच्या यंत्रामागची भिंत काळवंडली आहे का, ते पाहा.

हिरवाई:
यंत्रे हवीतच कशाला? खोलीत स्नेक प्लांटची कुंडी ठेवा, झाडे हवा शुद्ध करतात हे नासानेच सिद्ध केले आहे.

दीपस्तंभ:
नासाचा १९८९ चा तो प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांमध्ये, वायूंवर झाला होता. बांधकामाच्या धुळीवर कुंडी हा उपाय नाही.

सायली_वाकड:
मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला दमा आहे आणि इनहेलर चालू आहे. यंत्रात फिल्टर नाही. खोली दहा बाय दहा, धुळीमुळे खिडक्या बंद असतात. फरशी लिंबाच्या वासाच्या द्रवाने पुसते. भिंतीवर यंत्राच्या वर वीतभर काळपट पट्टा खरोखरच दिसतो आहे.

दीपस्तंभ:
मग ते त्या खोलीत मुळीच लावू नका, कारण दम्याच्या मुलाला ओझोनचा त्रास इतरांपेक्षा लवकर होतो आणि बंद खोलीत तो साचत जातो. लिंबाच्या वासातल्या लिमोनीनशी ओझोनची क्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू आणि अतिसूक्ष्म कणही तयार होतात. कॅलिफोर्नियात २०१० पासून घरगुती हवाशुद्धीकरण यंत्रांना ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) ओझोनची मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याकडे अशा चाचणीचा अहवाल मागा. धुळीसाठी हेपा फिल्टरचे (बारीक कण अडवणाऱ्या दाट जाळीचे) यंत्र घ्या, त्यात आयनायझरचे बटण असेल तर ते बंद ठेवा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. खोकल्याचे मात्र मुलाच्या डॉक्टरांना उद्याच सांगा.

सह्यवासी:
दमा आहे हे आधी माहीत नव्हते. अशा मुलाच्या खोलीत मीही लावला नसता, पण सगळेच आयनायझर वाईट हे मला मान्य नाही.

सायली_वाकड:
यंत्र बंद केले आहे. विक्रेता ते परत घ्यायला नकार देतो आणि अहवालाबद्दल काही बोलत नाही. तक्रार कुठे करावी?

मेघना_क:
१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. बिल आणि भिंतीचा फोटो जवळ ठेवा.