फॅमिली ट्रिप : दोन वनवे काढू की सरळ रिटर्न? मदत हवीये

गोंधळलेली :
नमस्कार मंडळी. गेले तीन दिवस लॅपटॉपवर अकरा टॅब उघडे आहेत, रोज रात्री पोरं झोपली की भाडी बघत बसते आणि रोज आदल्या दिवशीपेक्षा जास्त गोंधळून झोपते. म्हणून शेवटी धागा काढला. आधी कुणी काढला असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही.

तर आम्ही सहा जण सुट्टीला परदेशी जातोय. मी, नवरा, मुलगी १४ वर्षांची, धाकटा (जाताना दोन वर्षांचा व्हायला फक्त आठ दिवस बाकी असतील, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे) आणि सासू-सासरे. दोन आठवड्यांचा बेत. उतरायचं एका शहरात आणि फिरत फिरत पोचायचं दुसऱ्या शहरात, त्यामुळे परतीचं विमान तिथूनच असलं तर बरं, नाहीतर शेवटचा अख्खा दिवस आल्या वाटेने मागे जाण्यात संपणार. नवऱ्याची रजा जायच्या तारखेला पक्की आहे, यायच्या तारखेला साहेब "बघू" म्हणतायत. सासू-सासऱ्यांचं आणखी वेगळंच. नणंद तिकडे राहते, तिने धोशा लावलाय की आईबाबांना महिनाभर ठेवून घेते, सासूबाई एका पायावर तयार, सासरे म्हणतात मला आठ दिवसांच्या वर कुठे करमत नाही. म्हणजे त्यांची तारीख देवालाच ठाऊक.

मी म्हटलं सगळ्यांची वनवेच काढू, यायचं तेव्हा बघू. नवरा म्हणाला खुळी आहेस का, रिटर्न कधीही स्वस्तच पडतं. त्याला खोटं पाडायला म्हणून शोधायला बसले तर एका कंपनीकडे वनवे रिटर्नच्या बरोबर निम्मं, आणि दुसरीकडे रिटर्न १०० धरलं तर नुसतं जायचं ७८! विमान तेच, सीट तीच, मग हे कसलं गणित?

आणि माझ्या डोक्यात वनवेचं भूत बसायचं कारण वेगळं आहे. मागच्या एका ट्रिपला आम्ही रिटर्न काढलं होतं, जाताना रस्त्यात गाडी बंद पडली आणि विमान चुकलं. घाईघाईत दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून गेलो, म्हटलं जाऊदे, जाण्याचे पैसे बुडाले, येण्याचं तर आहेच. परत येताना काउंटरवरची मुलगी टाइप करतेय, करतेय, मग तिने शेजारणीला स्क्रीन दाखवला, दोघी काहीतरी कुजबुजल्या, आणि मला म्हणाली मॅडम बुकिंग दिसतंय पण तिकीट चालू नाहीये. मी हातातला प्रिंटआउट तिच्यापुढे नाचवत होते, मग हे काय आहे मग हे काय आहे, मागे रांग, पोरगी ट्रॉलीवर बसून बिस्किटाचा चुरा करतेय... त्या दिवशी चौघांची नवीन तिकिटं काढून घरी आलो. कंपनीचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून रिटर्न म्हटलं की पोटात गोळा येतो.

तर सांगा, काय करू? अनुभव असेल तर तोही लिहा.

खिडकीवाला :
नवरा आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल बोलताय.

लो कॉस्टवाल्या कंपन्या प्रत्येक फेरी सुटी विकतात. त्यांच्याकडे रिटर्न म्हणजे दोन वनवेची बेरीज, एकत्र घेतलं म्हणून सूट वगैरे काही नाही. जुन्या फुल सर्व्हिस कंपन्यांचं, त्यातही लांबच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर, गणित वेगळं. ऑफिसच्या कामाने जाणारा माणूस आयत्या वेळी तिकीट काढतो, त्याला परतीची तारीख माहीत नसते आणि पैसे कंपनी भरते. सुट्टीला जाणारा आधी ठरवतो, परतीची तारीख देतो आणि दहा ठिकाणी भाव बघतो. या दोघांना वेगळं काढायला एअरलाइन्सनी रिटर्न भाड्यालाच अटी लावल्या, अमुक दिवस राहिलंच पाहिजे, किंवा मधे शनिवारची रात्र तिकडे गेली पाहिजे. त्या अटी पाळणाऱ्याला स्वस्त, बाकीच्यांना महाग. आता शनिवारची अट बरीच ढिली झालीय पण काही मार्गांवर वनवे महाग ठेवायची खोड तशीच आहे. तुमचं ७८ तिथून आलं.

तेव्हा सरसकट नियम शोधू नका, तुमच्या मार्गावर तुमच्या तारखांना दोन्ही टाकून बघा. बघताना बॅगा धरून बघा हं! वनवेच्या दोन वेगळ्या कंपन्या घेतल्या आणि एकीकडे चेक-इन बॅग तिकिटातच, दुसरीकडे माणशी वेगळे पैसे, तर सहा जणांच्या बॅगांत सगळी बचत धुऊन निघते.

लेटलतीफ :
तुमच्या विमान चुकण्याबद्दल. आयडीवरून कळलंच असेल की मी या विषयातला जाणकार आहे.

रिटर्न तिकीट हे आतून कूपनांचं असतं, प्रत्येक फ्लाइटला एक कूपन, आणि ती क्रमाने वापरायची असतात. पहिलं न वापरता तुम्ही गायब झालात की सिस्टीम नो-शो लावते आणि पुढची सगळी बुकिंग आपोआप रद्द करते, परतीसकट. काउंटरवरच्या मुलीच्या हातात काही नव्हतं. तुमचं चुकलं ते एवढंच की विमान सुटायच्या आधी कंपनीला फोन करायला हवा होता. आधी कळवलं तर बहुतेक वेळा पैसे भरून पुढच्या विमानात टाकतात किंवा निदान परतीचं शाबूत ठेवायचं बघतात, सुटून गेल्यावर त्यांचा सूर बदलतो. मी गाडीत बसल्या बसल्या फोन लावतो, ट्रॅफिक बघूनच.

दोन वेगळ्या वनवेंना हा धोका नाही, जाण्याचं बुडलं तरी येण्याचं जिवंत.

भटकभवानी :
थांबा थांबा, वनवे काढून "यायचं तेव्हा बघू" हे परदेशी जाताना डोक्यातून काढून टाका बाई. बऱ्याच देशांत टुरिस्ट म्हणून जाताना परतीचं किंवा तिथून पुढे जायचं तिकीट दाखवावं लागतं, आणि ते तिकडचा इमिग्रेशन ऑफिसर विचारेल तेव्हा विचारेल, त्याच्या आधी इथे चेक-इनलाच विचारतात. कारण कागद अपुरे असलेला माणूस तिकडे नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर पडते, वर दंड. त्यांच्यापुढे टायमॅटिक म्हणून आयएटीएचा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) डेटाबेस उघडा असतो, त्यात कुठल्या पासपोर्टला कुठल्या देशात काय लागतं ते असतं, आणि त्यात परतीचं तिकीट हवं असं लिहिलं असेल तर तुम्ही कितीही गोड बोला, बोर्डिंग पास मिळत नाही. मी एकदा चेक-इनच्या रांगेतून बाहेर येऊन, जमिनीवर बॅगेवर बसून, मोबाइलवर मिळेल ते परतीचं तिकीट काढलंय. त्याचं भाडं मी आजतागायत घरी सांगितलेलं नाही.

दोन वनवे काढा हवं तर, पण निघायच्या आधी दोन्ही हातात पाहिजेत.

आणि दुसऱ्या शहरातून यायचंय त्यासाठी वनवे लागत नाही. साइटवर वनवे, रिटर्नच्या शेजारी मल्टी सिटी असतं ते निवडा. जाणं एका शहरात, येणं दुसऱ्यातून, याला ओपन जॉ म्हणतात, तिकीट एकच आणि भाडं साधारण रिटर्नच्याच हिशोबाने लागतं.

गोंधळलेली :
भटकभवानी, तुम्ही देव आहात! ते मल्टी सिटीचं बटण मी रोज बघत होते पण मला वाटायचं ते पाच-सहा देश फिरणाऱ्या लोकांसाठी आहे. टाकून बघितलं, साध्या रिटर्नपेक्षा किंचित जास्त, पण तो वाया जाणारा दिवस वाचतोय.

आता नवीन घोळ. सहा जणांचं टाकलं की माणशी भाडं जास्त दाखवतं आणि चौघांचं टाकलं की कमी. तीनदा करून बघितलं. माझा लॅपटॉप माझ्यावर पाळत ठेवतोय का?

खिडकीवाला :
नाही हो. एकाच इकॉनॉमीत भाड्याचे बरेच कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात मोजक्या सीट. स्वस्त कप्प्यात चारच उरल्या असतील आणि तुम्ही सहा मागितल्या, तर साइट चार इकडच्या दोन तिकडच्या असं सहसा करत नाही, सहाच्या सहा पुढच्या महाग कप्प्यात टाकते. म्हणून मोठ्या कुटुंबाने नेहमी एक, दोन, चार असं टाकून बघावं.

चार आणि दोन अशी फोड केलीत तर मात्र दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग नंबर होतात, आणि उद्या कंपनीने वेळ बदलली किंवा विमान रद्द केलं तर दोन्ही पीएनआर एकाच विमानात जातील याची हमी नाही. फोन करून दोन्ही बुकिंगवर एकमेकांची नोंद करून घ्या. लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस कधीच वेगळ्या पीएनआरवर नको.

सासू-सासऱ्यांची फोड तर कराच, त्यांची तारीखच वेगळी आहे. त्यांना व्हीलचेअर लागत असेल तर ती त्यांच्या बुकिंगवर, जाण्या-येण्याच्या प्रत्येक फ्लाइटला मागायची, तुमच्या बुकिंगवर सांगून उपयोग नाही.

झोपमोड :
बाळाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर, आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या १० टक्के, लो कॉस्टला ठरावीक फी. पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. तुमचा धाकटा तिकडे असताना दोनचा होणार, म्हणजे येताना त्याला स्वतःची सीट आणि चाइल्डचं भाडं. एकाच तिकिटात जाताना इन्फंट आणि येताना चाइल्ड हे बऱ्याच साइट्सना जमतच नाही, त्या परतीच्या तारखेचं वय बघून दोन्हीकडे चाइल्ड लावतात. काही कंपन्यांचा नियमच तसा आहे, काही जणी फोनवर नीट करून देतात. आम्ही फोनवरच केलं, चाळीस मिनिटं ती सनई ऐकावी लागली.

खरं सांगू? लांबचा प्रवास असेल तर जातानाही सीट घ्या. आठ दिवस कमी दोन वर्षांचं मूल मांडीवर रात्रभर... मी केलंय. पाय अजून माझे नाहीत असं वाटतं.

एकमार्गी :
मी कायम दोन वनवे घेतो. माइल्स असतात ना, विमानप्रवासावर साठणारे पॉइंट, ते बऱ्याच ठिकाणी एका बाजूला वापरता येतात, दुसऱ्या बाजूला पैसे. वेळा हव्या तशा मिळतात. रिटर्नच्या नादात पहाटे तीनचं विमान कशाला घ्या?

लेटलतीफ :
@एकमार्गी, एकट्याला ठीक आहे हो. जाण्याचं विमान कंपनीनेच रद्द केलं तर एका तिकिटावर असाल तर परतीचेही पैसे परत मागता येतात, कारण प्रवास एकच. दोन कंपन्यांची दोन वनवे असली तर पहिली म्हणणार घ्या तुमचे पैसे, आणि दुसरी म्हणणार आमचं विमान तर वेळेवर उडतंय, तुम्ही का येत नाही? सहा जणांच्या परतीचे पैसे असे अडकले की समजतं. शिवाय परतीचं वनवे तिकडून सुरू होतं, त्याचं भाडं कधी कधी तिकडच्या चलनात लागतं आणि कार्डवाले वरून आपला हात मारतात.

आणि गोंधळलेली, एक लक्षात ठेवा, जाणं-येणं वेगळ्या तिकिटांवर घेणं वेगळं आणि एकाच बाजूची दोन जोडविमानं वेगळ्या तिकिटांवर घेणं वेगळं. दुसरा प्रकार पोरंबाळं घेऊन करू नका. पहिलं लेट झालं तर दुसरं गेलं, कुणी विचारत नाही, बॅगाही मधे स्वतः घेऊन पुन्हा टाकायच्या.

गोंधळलेली :
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री नवऱ्याला बसवून अख्खा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला "म्हणजे मीच बरोबर होतो", त्याला सोडून द्या.

ठरलं असं. आम्ही चौघं मल्टी सिटीवर, एकच तिकीट, एकच पीएनआर, धाकट्याला दोन्हीकडे सीट. आज फोन करून विचारलं तर त्या कंपनीत जाताना इन्फंट ठेवता येत होता, पण झोपमोडचे पाय आठवले. रजेचं साहेबांकडून लेखी आल्यावरच बुक करणार, कारण तारीख बदलायची फी शून्य असं मोठ्या अक्षरात असलं तरी त्या दिवशीच्या भाड्यातला फरक भरावा लागतोच, हे त्या फोनवरच्या मुलीने तीनदा विचारल्यावर सांगितलं.

सासू-सासऱ्यांचं वेगळं रिटर्न, तारीख बदलता येईल असल्या वरच्या भाड्यातलं. आधी सगळ्यात स्वस्त घेणार होते पण त्याच्या नियमांत जास्तीत जास्त एक महिना राहण्याची अट निघाली, आणि सासूबाईंचा महिना म्हणजे किती दिवसांचा ते मला माहितीये. परतीची तारीख आत्ता आमच्याच दिवसाची टाकतेय, सासऱ्यांना दाखवायला. दोघांचे पीएनआर मात्र वेगवेगळे काढू का, की एकत्र काढून नंतर फोनवर तोडून देतात? कारण काल रात्री ते पुन्हा म्हणाले, तिला राहायचं तर राहू दे, मी तुमच्याबरोबर येणार.

खिडकीवाला :
एकत्र काढा. गरज पडली की फोनवर पीएनआर स्प्लिट करायला सांगा, एजंटला जमतं, तुम्हाला साइटवरून बहुधा जमणार नाही. स्प्लिट झाल्यावर नवीन पीएनआर ज्याला मिळेल त्याची व्हीलचेअर आणि सीट पुन्हा तपासा, मधे गळून पडतात कधीकधी.

गोंधळलेली :
ओके. सासऱ्यांना यातलं काही सांगत नाही अजून.