मदत हवी आहे: कानाच्या पाळीचे भोक मोठे करताना मागे मांसल कड आली

रापणकाठ (मालवण)
नमस्कार. मी दोन्ही पाळ्यांची भोके टप्प्याटप्प्याने मोठी करत आहे. परवा पुढच्या मापाचा प्लग (भोकात बसवायचा गोल दांडीसारखा दागिना) घातला, तेव्हापासून डाव्या पाळीमागे लालसर मांसल कड बाहेर आली असून ती ठणकते. मे महिन्यात बहिणीचे लग्न आहे आणि त्यापूर्वी मला ८ मिमीपर्यंत पोहोचायचे आहे. कड बसण्यासाठी कोणते मलम लावावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सुरंगी
आधीचे माप किती होते, आताचे किती आहे, मध्ये किती दिवस गेले आणि प्लग कशाचा आहे, हे कळल्याशिवाय काहीही सुचवणे योग्य होणार नाही.

माडबन
आमची आजी माडाचा हीर खोबरेल तेलात बुडवून भोकात घालत असे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या जोडीला दुसरा. कोणाचा कान कधी पिकला नाही. घाण्यावरचे तेल लावा.

तांबडी माती
भिकबाळीसाठी वरचा भाग टोचलात, तर तेथे कूर्चा असल्याने जखम भरायला बरेच महिने लागतात.

सुरंगी
प्रश्न खालच्या पाळीचा आहे. माडबन, बऱ्या झालेल्या पाळीला तेलाने चोळणे मलाही मान्य आहे, परंतु उघड्या जखमेत तेल नको आणि हीर तर नकोच. आजीला यश आले ते महिनाभर थांबण्यामुळे.

रापणकाठ
ही माहिती आधी द्यायला हवी होती. माप ४ मिमी होते. दुकानात ५ मिमीचा प्लग नसल्याने तीन आठवड्यांतच ६ चा घातला. तो ॲक्रिलिकचा आहे. पर्यटकांना स्नॉर्कलिंगसाठी नेत असल्याने रोज समुद्रात उतरतो.

सुरंगी
४ वरून ६ म्हणजे भोकाचा घेर एकदम दीडपट झाला. आतली त्वचा ताण सोसू न शकल्याने मागे ढकलली गेली आहे. याला ब्लोआउट म्हणतात आणि त्यावर मलम नाही. आजच ६ चा काढून ४ चा, तोही दुखल्यास ३ चा, टायटॅनियमचा किंवा काचेचा प्लग घाला, कारण ॲक्रिलिक उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही. दिवसातून दोनदा ०.९ टक्के सलाईनने धुवा. जखम मिटेपर्यंत समुद्र वर्ज्य करा. पू, ताप किंवा पसरणारी लाली दिसल्यास थेट डॉक्टरांकडे जा. दुर्लक्ष केल्यास कड कायमची राहू शकते.

खाडीपलीकडे
माझे मत वेगळे आहे. मी प्लग पूर्ण काढला, भोक आवळू दिले, आणि कड गेली. वर्षभराने नव्याने सुरुवात केली.

सुरंगी
कड मोठी असेल तर तेच करावे. लहान असताना माप उतरवणे बहुधा पुरते. मात्र पुन्हा वाढवताना एका वेळी १ मिमीच, आणि मध्ये किमान दोन-तीन महिने. लग्नापर्यंत ८ होणार नाही. शिवाय त्या मापानंतर भोक आपोआप पूर्ववत होईलच असे नाही, हेही मनाशी ठरवून घ्या.

रापणकाठ
काचेचा ४ चा मिळाला. ठणका कमी आहे, आणि आठवडाभर होडीवरचेच काम मागून घेतले आहे. प्लग रात्री काढून ठेवावा का?

सुरंगी
नाही. इतक्या ताज्या अवस्थेत भोक रात्रीतून आवळते आणि सकाळी घालताना पुन्हा फाटते. उशीचा अभ्रा मात्र रोज बदला.