शेजारच्या मामी पोरीला 'एमडन' म्हणतात, हा एमडन कोण?

पामबीचवाली (नेरुळ)

आमच्या समोरच तमिळ मामी राहतात, चाळीस वर्षं काढलीयेत त्यांनी इकडे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आमची धाकटी, वय सात, संध्याकाळी कधी सटकते कळतच नाही, जाळीचं दार जरा उघडं दिसलं की ही थेट मामींच्या किचनमध्ये, मुरुक्कूचा अर्धा डबा फस्त करून, तोंडबिंड पुसून परत आमच्या सोफ्यावर, जशी काही हललीच नव्हती. परवा मामी दारात येऊन हसत म्हणाल्या, "अगं ही तर एमडन आहे!" मला आधी वाटलं शिवी आहे की काय. तर म्हणे आमच्यात बिलंदर माणसाला एमडन म्हणतात, कुठलंसं जर्मन जहाज होतं आणि त्याचा कॅप्टन तसा होता. नवरा म्हणतो त्याने मद्रासवर बॉम्ब टाकलेले. पहिल्या महायुद्धात जर्मन इथे कुठून आले? आणि तो कॅप्टन कोण, पुढे त्याचं काय झालं, कुणाला माहितीये का?

तलावपाळी

मामी बरोबर सांगतायत. मल्याळममध्ये पण 'यमंडन' म्हणतात, तोच शब्द. एमडन हे खरं जर्मनीतल्या एका बंदराचं नाव, त्यावरून क्रूझरचं, म्हणजे वेगवान युद्धनौकेचं. कॅप्टन कार्ल फॉन म्युलर, जन्म १८७३, हानोव्हरचा. १८९१ मध्ये नेव्हीत शिरला, मग पूर्व आफ्रिकेत ड्यूटी लागली आणि तिथे मलेरिया झाला तो आयुष्यभर पाठीशी (खाडीच्या कडेला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको). १९१३ ला एमडन त्याच्या ताब्यात आलं, तेव्हा चीनमध्ये त्सिंगताओला जर्मनांचा नाविक तळ होता, म्हणजे ते इथे आले असे, चीनच्या बाजूने.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर त्यांचा सगळा ताफा पॅसिफिकमधून दक्षिण अमेरिकेकडे निघाला आणि हा गडी ताफ्याच्या प्रमुखाला, अॅडमिरल श्पेला म्हणाला मला एकट्याला हिंदी महासागरात सोडा. एक क्रूझर आणि बरोबर एक कोळशाचं जहाज, बस. जहाजाला धुराडी तीन, तर यांनी कॅनव्हासचं चौथं खोटं धुराडं उभं केलं, लांबून ब्रिटिश क्रूझर वाटावी म्हणून. सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात घुसला आणि कलकत्त्याच्या वाटेवरची जहाजं एकेक करून धरायला लागला.

नवऱ्याला सांगा बॉम्ब नव्हे, तोफा. २२ सप्टेंबर १९१४, रात्री साडेनऊच्या आसपास, मद्रास बंदरासमोर येऊन सव्वाशेच्या वर गोळे टाकले, बर्मा ऑइलच्या रॉकेलच्या टाक्या पेटल्या आणि लोक पळत सुटले शहर सोडून. पाटी आहे अजून, हायकोर्टाच्या भिंतीला.

इंजिनरूम (बेलापूर, रिटायर्ड)

सगळे तोफांचं बोलतात, कोळशाचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. एमडनला टर्बाइन नव्हतं, तिच्या जोडीच्या ड्रेस्डेनला होतं, हिला जुनी पिस्टनची वाफेची इंजिनं आणि खाली बॉयलर, आणि जवळपास एकही बंदर स्वतःचं नाही. म्हणजे कोळसा संपला की खेळ खलास. त्यामुळे हा माणूस जहाजं पकडायचा त्यात पहिला प्रश्न असायचा की पोटात कोळसा आहे का. बंगालच्या उपसागरात पहिलंच सापडलं ते ग्रीक, पोंटोपोरोस, बंगालचा कोळसा भरलेलं. लॉटरीच वाटेल, पण आपला तो कोळसा राखेचा, धूर इतका काळा की क्षितिजापलीकडून कुणालाही कळावं इथे कोण चाललंय, आणि लपून राहायचं असलेल्या जहाजाला यापेक्षा वाईट काही नाही. पुढे ब्युरेस्क नावाचं मिळालं त्यात वेल्सचा कोळसा, तेव्हा कुठे स्टोकर (बॉयलरात कोळसा टाकणाऱ्या) लोकांच्या जिवात जीव आला असेल.

आणि हे भरायचं कसं, तर भर समुद्रात दोन जहाजं एकमेकांना बांधून, मध्ये दोर, पोती, फावडी, दोन्ही बाजू लाटेवर वर-खाली होऊन एकमेकींवर आपटतायत, डेकवर विषुववृत्ताचं ऊन, आणि कोळशाची भुकटी नाकातोंडात. मी डिझेलच्या जमान्यातला माणूस, होजपाइप जोडून बंकर, म्हणजे इंधन, घेतलेत, तरी खवळलेल्या समुद्रात तेवढ्यानेच घाम फुटायचा. ही पोरं दर थोड्या दिवसांनी हे करत होती.

एक किस्सा. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिशांच्या दिएगो गार्सिया बेटावर थांबले, जहाजाचं बूड घासायला. तिथल्या लोकांना युद्ध सुरू झाल्याची खबरच नव्हती, टपाल कधीतरीच यायचं. जर्मनांनी काही सांगितलं नाही. उलट तिथल्या मॅनेजरची बंद पडलेली मोटरबोट दुरुस्त करून दिली, बदल्यात फळं आणि डुक्कर घेऊन निघून गेले. इंजिनियर कुठल्याही देशाचा असो, बंद इंजिन दिसलं की हात शिवशिवतातच.

खारीगाव_फास्ट

सगळं ठीक आहे हो पण आपल्याच शहरावर गोळे टाकणाऱ्याचं किती कौतुक? बंदरात माणसं मेली ना? हाच प्रकार मुंबईवर झाला असता तर आपण पोरांना प्रेमाने त्याचं नाव दिलं असतं का

कळवा_नाका

@खारीगाव_फास्ट अहो तो ब्रिटिशांविरुद्ध होता. आणि चेंपकरामन पिळ्ळै आपले क्रांतिकारक ते स्वतः होते एमडनवर, मद्रासचे गोळे त्यांच्या सांगण्यावरून पडले, माझ्या काकांनी सांगितलेलं

तलावपाळी

@कळवा_नाका ही गोष्ट दक्षिणेत खूप चालते पण पटत नाही. पिळ्ळै १९१४ मध्ये युरोपात होते, आधी झुरिक मग बर्लिन. एमडन ऑगस्टमध्ये चीनहून निघालेलं, मध्ये ते चढणार कुठे? काकांना माझा नमस्कार, पण नाही.

@खारीगाव_फास्ट मुद्दा बरोबर आहे, मेली माणसं. तरी फरक सांगतो. व्यापारी जहाज पकडलं की आधी सगळ्यांना उतरवून घ्यायचा, मग बुडवायचा. काबिंगा नावाचं जहाज धरलं त्यावर कॅप्टनची बायको आणि मूल होतं, तर ते बुडवलंच नाही, बाकी जहाजांची पकडलेली माणसं त्यावर चढवून सोडून दिलं. २८ ऑक्टोबरला पेनांग बंदरात खोटं धुराडं लावून शिरला, रशियन क्रूझर झेमचुग नांगरावर होती, तिचा कॅप्टन किनाऱ्यावर, ती बुडवली, तिथे बरेच मेले. बाहेर पडताना मुस्के ही फ्रेंच डिस्ट्रॉयर (छोटी युद्धनौका) बुडवली आणि मग थांबून तिच्या ३६ जणांना पाण्यातून उचललं. मागून कोण येईल याचा भरवसा नसताना थांबणं याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी हीरो म्हणत नाहीये, शत्रूच होता, पण खानदानी शत्रू.

पामबीचवाली

बापरे एवढं सगळं! पण शेवट सांगा ना कुणीतरी, पकडला का त्याला?

इंजिनरूम (बेलापूर, रिटायर्ड)

सांगतो. ९ नोव्हेंबर १९१४, कोकोस बेटं. तिथलं तार आणि वायरलेसचं स्टेशन तोडायला पन्नास माणसं किनाऱ्यावर उतरवली, पण धुराडं खोटं आहे हे स्टेशनवाल्यांनी ओळखलं आणि तोडण्याआधीच संदेश सोडून दिला. जवळूनच ऑस्ट्रेलियन सैनिकांचा काफिला चालला होता, त्यातून सिडनी नावाची क्रूझर वळली. एमडनच्या तोफा साडेदहा सेंटीमीटरच्या, सिडनीच्या सहा इंची, म्हणजे पंधरा सेंटीमीटर. सुरुवातीला एमडनचेच गोळे बसले, पण नंतर सिडनी लांबूनच मारत राहिली. धुराडी पडली, सुकाणू गेलं. म्युलरने जहाज बुडू न देता तिथल्याच नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर नेऊन चढवलं, उरलेली माणसं वाचावीत म्हणून. तरी सव्वाशेच्या वर गेले. सिडनीचे चार.

किनाऱ्यावर अडकलेली ती पन्नास माणसं मात्र तिथलीच एक जुनी शिडाची बोट घेऊन पसार झाली आणि त्यातली बहुतेक अरबस्तानातून, शेवटी रेल्वेने, इस्तंबूलला पोचली. तो वेगळा विषय आहे, सुरू केला तर मला इथे जेवायला उठवावं लागेल.

तलावपाळी

पुढचं कुणी सांगत नाही ते मी सांगतो. कैद करून माल्टा, १९१६ ला इंग्लंड. तिथल्या कॅम्पमधून १९१७ मध्ये भुयार खणून बावीस जण पळाले त्यात हाही होता, सापडला. मलेरिया फारच वाढला म्हणून १९१८ मध्ये हॉलंडला धाडला. त्याच वर्षी जर्मनीचं सगळ्यात मोठं पदक मिळालं. तब्येतीपायी १९१९ ला निवृत्त, मग ब्राउनश्वाइगच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि मार्च १९२३ मध्ये अचानक वारला, पन्नाशीही पुरी नाही. एमडनवर पुस्तक लिहा म्हणून लोक मागे लागलेले, त्याने नाही लिहिलं. सोबत्यांच्या रक्ताचे पैसे करतोय असं वाटत राहील म्हणे. आणि जे वाचले त्यांना आडनावापुढे एमडन लावायची परवानगी मिळाली, पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडे गावाला कर लावतो तसं, फक्त हे गाव खडकावर चढलेलं.

खारीगाव_फास्ट

पुस्तकाचं माहीत नव्हतं. बरं, खानदानी तर खानदानी. तरी गोळे ते गोळेच

पामबीचवाली

हे सगळं काल मामींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या त्यांची आजी तेव्हा नवी नवरी होती, जॉर्ज टाउनात, आकाश लाल झालेलं बघून सासूने आधी पितळी डबे बांधायला घेतले आणि सगळं घर बैलगाडीतून कुंभकोणमच्या वाटेला लागलं, महिनाभराने परत आले तर घर जसंच्या तसं, फक्त लोणच्याची बरणी मांजराने पाडलेली. आजी मरेपर्यंत बरणीबद्दल एमडनलाच शिव्या देत होती म्हणे.

हे ऐकत धाकटी मामींच्याच मांडीवर, हातात मुरुक्कू. आज सकाळपासून सोफ्याला तीन उशा उभ्या आहेत आणि चौथं धुराडं म्हणून माझी इस्त्रीची चादर गुंडाळून लावलीये, काढू देत नाही. मामींनी डबा वरच्या फळीवर ठेवलाय.